कोंबडीला कसलं आलंय टेन्शन?

तालुक्याच्या गावी कंपनीनं शेतकऱ्यांची मिटिंग ठेवली होती. मांडव होता, खुर्च्या होत्या, शेवटी जेवण होतं. नव्या औषधांच्या बाटल्या टेबलावर ओळीनं मांडल्या होत्या. पोटाचं औषध, लिव्हरचं औषध, पाण्यात टाकायचं, खाद्यात मिसळायचं. साहेब दीड तास त्यांच्यावरच बोलले. मग म्हणाले, "कुणाला काही शंका?"

मी उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, बाटल्या बऱ्या आहेत. पण पाखरांचं पोट बिघडतं ते ताणानं. ऊन, दाटी, भीती, रात्रभर उजेड. त्याचं काय करणार?"

अख्खा मांडव हसला. मागून कुणीतरी ओरडलं, "आवो तात्या, कोंबडीला कसलं आलंय टेन्शन? तिला काय पोरीचं लगीन करायचंय, का सोसायटीचं कर्ज फेडायचंय?"

साहेबही हसले. मी खाली बसलो. जेवणात कोंबडीच होती, पण मला घास गोड लागला नाही. त्या हसण्याला तिथं उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं देतो. मी दहावी शिकलेला माणूस. मोठं शास्त्र मला येत नाही. पण दहा-पंधरा वर्षं पाखरांची हगवण बघितलेला माणूस आहे, आणि त्या हगवणीचे पैसे माझ्या खिशातून गेलेत.

पहिली गोष्ट. पोटाचा आणि मनाचा संबंध काय असतो, हे आपल्या बोलीला कधीपासून माहीत आहे. भ्यालं की पोटात गोळा येतो. वाईट बातमी आली की पोटात खड्डा पडतो. परीक्षेच्या दिवशी सकाळी पोरगं तीनदा परसाकडं पळतं, तेव्हा आई त्याला जुलाबाचं औषध देत नाही, पाठीवरनं हात फिरवते. हे माणसाला लागू असेल तर कोंबडीला का नाही? तिला पोट आहे, काळीज आहे, भीती तर आपल्यापेक्षा जास्त आहे. साधी घार डोक्यावरनं गेली तरी ती अंग चोरते. लग्नाचं आणि कर्जाचं टेन्शन तिला नसेल. पण श्वास कोंडला, पाय ठेवायला जागा नाही आणि पळून जायला वाट नाही, हे कळायला सातबारा लागत नाही.

माझी आई दहा-बारा कोंबड्या पाळायची. बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो आणि सुकडी खाऊन दिवस काढले, तेव्हाही तिनं दोन कोंबड्या जगवल्या होत्या. एकदा शेजारच्या कुत्र्यानं कोंबड्यांचा पाठलाग केला. मेली एकही नाही. पण त्यातली एक दोन दिवस हिरवं पाणी हगत होती, अंड्यावरची होती तीही थांबली. मी म्हटलं, हिला रोग लागला. आई म्हणाली, "रोग न्हाई रं, भेदरलीया ती. निवू दे तिला." तिनं तिला डालग्याखाली अंधारात ठेवलं, पाणी ठेवलं, मूठभर बाजरी टाकली आणि आम्हा पोरांना तिकडं फिरकू दिलं नाही. चौथ्या दिवशी कोंबडी उकिरडा उकरायला लागली.

लगेच म्हणू नका की म्हातारा जुन्या दिवसांचे गोडवे गातोय. जुने दिवस मी बघितलेत. मानमोडीची साथ आली की एका आठवड्यात गावातली खुराडी रिकामी व्हायची, आणि आईच्या डालग्याचा तिथं काही उपयोग नव्हता. लसीनं पाखरं वाचतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. औषधाला माझा विरोध नाही. माझा विरोध आहे तो डालग्याचं काम बाटलीवर ढकलण्याला.

२००९ साली आम्ही कर्ज काढून शेड बांधली. दोनशे फूट लांब, पंचवीस फूट रुंद, वर पत्रा. करार असा की पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, पाणी, वीज, तूस आणि राबणं आमचं. पाखरं विकली की किलोमागं ग्रोइंग चार्ज मिळणार. खाद्य जास्त लागलं किंवा मरतूक वाढली की त्यातून कापणार. ऐकताना करार सरळ वाटतो.

शहरातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. ब्रॉयलरचं पिल्लू येतं तेव्हा चाळीस-बेचाळीस ग्रॅमचं असतं. चाळीस दिवसांत ते दोन किलोच्या वर जातं. म्हणजे जन्माच्या पन्नासपट. तीन किलोचं बाळ चाळीस दिवसांत दीडशे किलोचं झालं, असं डोळ्यांपुढं आणा. ही सगळी वाढ एका आतड्याच्या जोरावर असते. खाल्लेलं पचवायचं, अंगी लावायचं आणि जंतूंना आत येऊ द्यायचं नाही, ही तिन्ही कामं तेच करतं. माणसानं हे पाखरू निवडीनं असं घडवलं की मांस भराभर वाढतं. काळीज आणि फुप्फुसं त्या वेगाला जेमतेम पुरतात. असं पाखरू मुळातच काठावर उभं असतं. त्याला धक्का लागायला कुत्रं लागत नाही, उन्हाळ्याची एक दुपार पुरते.

२०१६ च्या एप्रिलातली गोष्ट. त्या वर्षी दुष्काळ असा की लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं. आमच्याकडं पारा चाळिशी ओलांडून गेलेला. माझी शेड पाच हजार चौरस फुटांची. एका पाखराला एक फूट, असा साधा हिशेब. उन्हाळ्यात त्याहून जास्त जागा द्यावी म्हणतात. त्या बॅचला सुपरवायझर म्हणाला, "तात्या, साडेपाच हजार टाकू. पाचशे पाखरांचे पैसे वर मिळतील." मी हो म्हटलं. कर्जाचा हप्ता थकला होता. कंपनीनं माझ्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती, ती पाचशे पाखरं मी माझ्या तोंडानं घेतली. पुढं जे सांगणार आहे त्यात माझा वाटा आहे, म्हणून आधी कबूल करतो.

चौतिसाव्या दिवशी दुपारी बाराला डीपी जळाला. पंखे बंद, फॉगर बंद, मोटर बंद. कोंबडीला घाम येत नाही. तिचं अंग मुळात एक्केचाळीस अंशांच्या आसपास तापलेलं असतं. उष्णता बाहेर टाकायला तिच्याकडं दोनच वाटा, चोच उघडून धापा टाकणं आणि पंख अंगापासून लांब धरणं. दाटीत पंख पसरायला जागा नाही, म्हणजे एक वाट बंद. आम्ही घरातली सगळी माणसं बादल्या घेऊन धावलो. पत्र्यावर पाचट होतं, ते भिजवलं. बाजूला ओली बारदानं बांधली. साडेपाच हजार उघड्या चोचींचा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला मी काय सांगतोय ते कळेल. भात्यासारखा आवाज असतो तो, थांबत नाही. संध्याकाळी पाचला वीज आली तोवर चारशे बारा पाखरं गेली होती. छातीचं मांस अर्धवट शिजल्यासारखं पांढरं पडलेलं.

त्या रात्री खड्डा काढून ती पुरली आणि वाटलं, सुटलो. पण खरा फटका पुढंच होता. तिसऱ्या दिवसापासून उरलेल्यांना हगवण लागली. शिटेत खाद्याचे कण जसेच्या तसे. तूस भिजून चिखल झाला, अमोनियाच्या वासानं डोळे चुरचुरायला लागले. रोज तीस-चाळीस मरायला लागली. आता ना ऊन तेवढं होतं, ना वीज गेली होती.

मी चार मेलेली पाखरं घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पाखरू फाडून मला जवळ बोलावलं. आतडं वाऱ्यानं फुगून टम्म झालेलं, भिंत कागदासारखी पातळ. चिरून आतली बाजू दाखवली तर जुन्या टॉवेलासारखा खरखरीत तपकिरी थर, आणि वास असा की मी मागं सरलो. ती म्हणाली, "काका, हे जंतू आज आलेले नाहीत. हे थोडेफार आतड्यात असतातच. त्या दुपारनं त्यांना दार उघडून दिलं."

मग तिनं जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. अंगातलं रक्त म्हणजे पाटाचं पाणी. पाखरू तापलं की अंग सगळं पाणी बाहेरच्या वाफ्यांकडं वळवतं, म्हणजे कातडीकडं, तुऱ्याकडं, का तर तिथून उष्णता बाहेर जावी. पाणी तेवढंच, मग आतड्याचं बारं चुकतं. शेवटच्या वाफ्याचं काय होतं ते ज्यानं दारं धरलंय त्याला सांगायला नको. आतड्याला आतून पेशींचा एकच थर असतो, विटेला वीट लावल्यासारखा. दोन विटांमधली फट गवंडी भरतो, त्याला आपण दर्जा म्हणतो. रक्त तुटलं की त्या दर्जा निखळतात. फटीतून जंतू आणि त्यांचं विष आत झिरपतं, तिथून लिव्हरकडं जातं. दुसरीकडं भीतीचं रसायन. मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथी ते रक्तात सोडतात. त्यानं पाखराला तेवढ्यापुरतं तगून राहता येतं, पण ते बराच वेळ चढलेलं राहिलं की रोगाशी लढायची ताकद घटते.

एवढ्यावर भागत नाही. तापलेलं पाखरू खात कमी आणि पितं जास्त, म्हणून शीट पातळ. पातळ शिटेनं तूस ओलं. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे किडे पिकतात. ते आतडं आणखी कुरतडतात, आणि त्या जखमांवर टॉवेलाच्या थराचा तो जंतू चढतो. ऊन एका दुपारचं, पण त्याची साखळी दहा दिवस चालते. म्हणून मी म्हणतो, ज्या दिवशी पाखरू मरतं त्या दिवशीचा हिशेब काढू नका, त्याच्या आठवडाभर आधीचा काढा.

आता कंपनीनं काय केलं ते ऐका. सुपरवायझर आला, शेडच्या दारातून आत बघितलं, चार बाटल्या दिल्या आणि कार्डावर लिहिलं, 'मॅनेजमेंट बरोबर नाही.' एका ओळीत सगळं पाप माझ्या पदरात. पाचशे पाखरं जास्त टाकल्याचं त्या कार्डावर कुठं नव्हतं. डीपीचं नव्हतं. बॅच निघाली तेव्हा आणखी दोनशे ऐंशी गेली होती. जी उरली त्यांनी खाद्य खाल्लं पण अंगी लागलं नाही. किलोभर मांसाला दोन किलोच्या वर खाद्य गेलं. कापाकापी होऊन किलोला रुपया पडला. पंचेचाळीस दिवस घरातल्या चार माणसांनी राबून नऊ हजार रुपये, आणि तूस-विजेचा खर्च त्याच्या दुप्पट.

हा करार सरळ नाही, हे मला तेव्हा कळलं. एक फूट जागा वाढवली तर कंपनीचं पाखरू कमी होतं. पंख्याला, जनरेटरला पैसा लागतो, तो शेतकऱ्यानं घालायचा. त्या मानानं बाटली स्वस्त. म्हणून ताणाचं नाव कुणी काढायचं नाही. ताण म्हटला की कारण शोधावं लागतं, आणि कारण शोधलं की बोट करारावर जातं. 'जंतू' म्हटलं की बोट बाटलीवर जातं. मांडवातलं हसणं म्हणून साधं नव्हतं.

आणि बाटली तरी फुकट असते काय? तिची किंमत दुसरीकडं फिटते. पोट बिघडू नये म्हणून खाद्यात थोडं थोडं अँटिबायोटिक कायम चारायची चाल जगभर पडली. युरोपनं वाढीसाठी ती चारणं २००६ पासून बंद केलं. आपल्याकडं कोलिस्टिन नावाचं औषध, जे माणसावर बाकीची औषधं चालेनाशी झाली की डॉक्टर शेवटी काढतात, ते कोंबड्यांना चारलं जात होतं. सरकारनं २०१९ साली त्यावर बंदी घातली. म्हणजे बघा, दाटीचा पैसा वाचवला कोंबडीच्या शेडीत, आणि त्याचा भुर्दंड कुणाच्या तरी दवाखान्यातल्या खाटेवर. औषधानं वाईट जंतू मरतात तसे आतड्यातले चांगलेही मरतात, हे वर वेगळंच.

चांगल्या जंतूंचं एक सांगतो. त्या डॉक्टरणीनंच सांगितलं होतं. फिनलंड देशातल्या नुर्मी नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यानं १९७३ साली दाखवून दिलं की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू लहान पिल्लांना दिले तर वाईट जंतू त्यांच्या पोटात सहज घर करू शकत नाहीत. आधी बसलेला भाडेकरू नव्याला खोली मिळू देत नाही, तसं. आईच्या खुडूक कोंबडीची पिल्लं पहिल्या दिवसापासून आईच्या मागं उकिरड्यात चोची मारायची. मला ती घाण वाटायची. ती त्यांची शिदोरी होती. मशिनीतल्या पिल्लाला आईच नाही. ते खोक्यात बसून रात्रभर टेम्पोत हिंदकळत येतं, उपाशी, तहानलेलं, कोरं पोट घेऊन. आणि आम्ही त्याला पहिल्याच दिवशी औषधाचं पाणी पाजतो. पोटाची सुरुवातच अशी, तर पुढं त्यानं काय तग धरायचा?

या सगळ्यात मी माझ्या थोरल्या मुलाचं नाव काढणार नव्हतो, पण काढतो. त्या बॅचनंतर त्याचं जेवण तुटलं. भाकरी मोडून तशीच ठेवायचा. रात्री उठून बसायचा, म्हणायचा, "दादा, पोटात आग पडलीया." त्याला शहरात मोठ्या डॉक्टरकडं नेलं. नळी घालून बघितलं, अल्सर निघाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, "औषधं घ्या, पण टेन्शन कमी करा." तिथं कुणी हसलं नाही. मी त्या बाकावर बसून कंपनीचं कार्ड आठवत होतो. पाखराला बाटली आणि मला म्हणे मॅनेजमेंट सुधारा; पोराला गोळ्या आणि म्हणे टेन्शन घेऊ नका. टेन्शन देणारा दोन्हीकडं मोकळाच.

लोक मला दोन सवाल टाकतात. पहिला, "पाखरांना एवढी जागा दिली तर कोंबडी महाग होईल, गरिबानं काय खावं?" सवाल खरा आहे. माझ्या वाडीतल्या मजुराच्या ताटात महिन्यातून दोन-तीनदा मटण नाही, कोंबडीच येते, आणि ती यावी. पण मग मरतुकीचे पैसे महाग नाहीत काय? खाल्लेलं अंगी न लागता तुसात गेलेलं खाद्य, तो मका, ते सोयाबीन फुकट आलं होतं काय? ते कुणीतरी भरतोच. आज तो शेतकरी भरतो, एवढाच फरक. दुसरा सवाल, "परवडत नसेल तर सोडून द्या." शेड काय पाठीवर घेऊन जाऊ? दोनशे फुटांच्या पत्र्याखाली शाळा भरवता येत नाही. कर्ज आहे तोवर शेड आहे, आणि शेड आहे तोवर पाखरू आहे.

म्हणून मी मागतो ते थोडं आहे. मार्च ते जून पाखरामागं सव्वा फूट जागा करारातच लिहा, आणि कमी पाखरांचा तोटा निम्मा कंपनीनं सोसावा. वीज जाऊन झालेली मरतूक शेतकऱ्याच्या चार्जातून कापू नका. रात्री चार-सहा तास दिवे बंद ठेवायला परवानगी द्या. पाखरालाही झोप लागते. उन्हाळ्यात दुपारी खाद्य उचलायचं असतं, कारण पचनानंही अंग तापतं. पण संध्याकाळी ते परत ठेवताना एकदम झुंबड उडते, म्हणून भांडी वाढवून द्या. बाटलीत काय आहे ते मराठीत लिहा. आणि मेलेलं पाखरू फाडून बघितल्याशिवाय कार्डावर शेरा मारू नका. यातलं एकही चंद्रावरचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी हट्टानं चार हजारच पिल्लं घेतली. सुपरवायझर रुसला, म्हणाला पुढच्या वेळी तुमचा नंबर उशिरा लावतो, आणि लावलाही. दोन महिने शेड रिकामी राहिली. पण त्या बॅचला हगवण लागली नाही. मे महिन्यातही तूस हातात घेतलं तर मोकळं सांडत होतं, आणि चार बाटल्यांतल्या दोन तशाच सीलबंद कपाटात राहिल्या. पोरगा सकाळी शेडीतून आला आणि दोन भाकरी खाल्ल्यान. हिशेबात बॅच फार फायद्याची नव्हती, खोटं कशाला सांगू. एकट्यानं हे परवडत नाही, म्हणून तर लिहायला बसलो.

त्या दोन बाटल्या मी जपून ठेवल्यात. पुढच्या मिटिंगला त्या घेऊन जाणार आहे आणि साहेबांच्या ओळीत नेऊन ठेवणार आहे. मांडवानं हसायचं तर खुशाल हसावं. हसून झालं की त्या पाव फुटाचं काय ते सांगावं.